शोधला म्हणून सापडला: दक्षिण कोरियातल्या थायरॉइड कॅन्सरच्या लाटेची गोष्ट

२०११ या एका वर्षात दक्षिण कोरियात ४० हजारांहून जास्त माणसांना थायरॉइडचा कॅन्सर असल्याचं सांगण्यात आलं. त्याच देशात या कॅन्सरने वर्षाला दगावणारी माणसं ३०० ते ४००. १९९३शी ताडून पाहिलं तर निदानाचं प्रमाण १५ पट झालं होतं आणि मृत्यूंचं प्रमाण होतं तिथेच होतं. जठर, फुप्फुस, मोठं आतडं, स्तन या सगळ्यांना मागे टाकून गळ्यातली ही फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी देशातल्या कॅन्सरच्या यादीत पहिली येऊन बसली.

आमच्या पीएसएमच्या, म्हणजे रोगप्रतिबंधाच्या विषयात हे प्रकरण शिकवताना मी आधी एवढे दोनच आकडे फळ्यावर लिहितो आणि गप्प बसतो. वर्गातून पहिलं उत्तर बहुतेक वेळा येतं ते ‘उपचार सुधारले असतील’ हे. सुधारले असतील, पण मग ते दरवर्षी नेमके रोगाच्याच वेगाने सुधारायला हवेत. रोग पाचपट तर उपचार पाचपट चांगले, रोग पंधरापट तर उपचारही पंधरापट, आणि मृत्यूची रेघ सुतासारखी सरळ. असं कुठे होत नाही. कुणी आयोडीनचं नाव काढतं, कारण कोरियात समुद्री शेवाळ भरपूर खातात, बाळंतिणीला तर त्याचं सूप देतातच. पण ते त्यांच्या आज्या-पणज्याही खात होत्या. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी विचारतं, ‘सर, त्यांनी शोधायला कधी सुरुवात केली?’ तिथून तास सुरू होतो.

यादीत नसलेली तपासणी

१९९९ साली कोरियाच्या सरकारने राष्ट्रीय कॅन्सर तपासणी मोहीम सुरू केली. आधी जठर, स्तन आणि गर्भाशयाचं मुख, आणि पुढच्या काही वर्षांत यकृत आणि मोठं आतडं अशा पाच कॅन्सरांसाठी लोकांना बोलावलं जाऊ लागलं. कमी उत्पन्नाच्या माणसाला तपासणी फुकट, बाकीच्यांना थोडेसे पैसे. मोहिमेत वावगं काही नव्हतं. कोरियात जठराचा कॅन्सर फार, आणि तो दुर्बिणीने वेळेत सापडला तर माणूस वाचतो.

थायरॉइड त्या यादीत नव्हताच. तो आत आला बाजूच्या दाराने. यकृताच्या तपासणीसाठी सोनोग्राफीचं मशीन तिथे होतं, ते चालवणारा डॉक्टर होता, आणि माणूस पलंगावर आडवा होताच. पोटाचा प्रोब ठेवून गळ्याचा उचलायचा, एवढंच काम उरायचं. जादा शुल्क ३० ते ५० डॉलर. यात पैशाचाही एक धागा आहे. कोरियात राष्ट्रीय विमा सगळ्यांना आहे, पण विम्यात बसणाऱ्या कामांचे दर सरकार ठरवतं आणि ते रुग्णालयांना परवडत नाहीत अशी तिथली जुनी तक्रार आहे. विम्याबाहेरच्या तपासणीचा दर मात्र रुग्णालय स्वतः लावतं. गळ्याची सोनोग्राफी तेव्हा अशीच विम्याबाहेरची. त्यात वर्तमानपत्रं आणि टीव्ही ‘लवकर निदान, प्राण वाचवा’ हेच सांगत होते. मग तपासणीच्या अर्जावर या जादा सोनोग्राफीसाठी असलेल्या चौकोनात खूण न करणारा माणूसच विरळा. ‘बघून तर घेऊ, काय बिघडतं?’ हे वाक्य कोरियन भाषेतही असणारच.

या सगळ्यात कुणी लबाड नव्हतं, हे मला या प्रकरणात सगळ्यात अवघड वाटतं. खलनायक सापडला असता तर शिकवणं सोपं गेलं असतं.

पडद्यावर काय दिसतं

खांद्यांखाली उशी, मान मागे टाकलेली, गळ्यावर गार जेल. सपाट पट्टीसारखा प्रोब आडवा फिरतो. पडद्यावर मधोमध श्वासनळीची काळी कमान, तिच्या दोन्ही बाजूंना थायरॉइडच्या राखाडी पाकळ्या आणि त्यांच्या कडेला ठेका धरून उडणारी मोठी धमनी. ग्रंथी कातडीच्या अगदी खाली असल्यामुळे चित्र इतकं स्वच्छ येतं की त्या राखाडीत मोहरीएवढा, दोन मिलिमीटरचा काळसर ठिपकाही लपत नाही. डॉक्टर त्याच्या दोन टोकांना दोन फुल्या मारतो, मशीन आकडा दाखवतं आणि तो आकडा रिपोर्टात जातो. सगळं मिळून दहा मिनिटं.

अनुभवी हात बोटांनी चाचपून गाठी शोधू लागला तर सुमारे ५ टक्के बायकांत आणि १ टक्का पुरुषांत त्या लागतात. तेच काम सोनोग्राफीने केलं तर वेगवेगळ्या अभ्यासांत १९ ते ६८ टक्के माणसांत गाठ सापडली आहे. वय वाढेल तसं हे प्रमाण वाढतं. म्हणजे पन्नाशीच्या बायकांची रांग लावली तर ‘थायरॉइडमध्ये गाठ आहे’ असा रिपोर्ट घेऊन जाणारी बाई हे काही नवल नव्हे. या गाठींतल्या बहुतेक निरुपद्रवी असतात, काहींत मात्र पॅपिलरी नावाच्या कॅन्सरच्या पेशी खरोखरच असतात. मशीनने खोटं सांगितलेलं नसतं.

इथे फिनलंडमधलं एक काम आठवावं लागतं. १९८५ साली तिथल्या तीन पॅथॉलॉजिस्टनी दुसऱ्याच कारणांनी मेलेल्या १०१ माणसांच्या थायरॉइड ग्रंथी घेतल्या, त्यांचे अडीच मिलिमीटर जाडीचे काप केले आणि एकेक काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. ३६ ग्रंथींत पॅपिलरी कॅन्सर निघाला. तीन माणसांमागे एकाहून थोडा जास्तच. काप आणखी पातळ केले असते तर आणखी निघाले असते, हे त्यांनीच नोंदवलं, आणि इतक्या सर्रास सापडणाऱ्या या बारीक ठिपक्यांना नॉर्मलच समजावं असंही सुचवलं. ही माणसं आयुष्य जगून, हृदयविकाराने नाहीतर म्हातारपणाने गेली होती. गळ्यात कॅन्सर आहे हे त्यांना कधी कळलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

हे प्रमाण ढोबळमानाने कोरियाला लावून पाहा. देश पाच कोटींचा, त्यातले प्रौढ चारेक कोटी, त्यांचा तिसरा हिस्सा म्हणजे सव्वा कोटीच्या आसपास. वर्षाला ४० हजार या वेगाने शोधत बसलं तर हा साठा तीनशे वर्षं पुरेल. मोहीम कितीही जोरात चालवली तरी रोगी संपणार नाहीत.

खूण केल्यानंतरची वाट

चौकोनात खूण केल्यावर पुढची प्रत्येक पायरी शहाणपणाची वाटते. ठिपका दिसला तर सुई घालून पेशी पाहायलाच हव्यात. पेशींत कॅन्सर दिसला तर तो काढायलाच हवा. ‘पॅपिलरी कार्सिनोमा’ असं लिहिलेला कागद हातात आल्यावर ‘राहू दे, वर्षभर बघू’ म्हणणारा नातेवाईक मी अजून पाहिलेला नाही, आणि माझ्या घरी तो कागद आला तर मी स्वतः काय म्हणेन हेही सांगवत नाही.

कोरियात निदान झालेल्या जवळपास सगळ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. सुमारे दोनतृतीयांश लोकांची अख्खी ग्रंथी काढली गेली, बाकीच्यांचा काही भाग. १९९०च्या दशकात शस्त्रक्रिया झालेल्यांत एक सेंटिमीटरहून लहान गाठीचे रुग्ण १४ टक्के होते, पुढच्या दशकभरात ते ५६ टक्के झाले. अर्ध्या सेंटिमीटरहून लहान गाठींना हात लावू नये अशी मार्गदर्शक तत्त्वं असतानाही चौथा हिस्सा शस्त्रक्रिया त्याच गाठींवर होत होत्या. गळ्यावर व्रण नको म्हणून काखेतून रोबोटने थायरॉइड काढण्याचं तंत्र सोलच्या योनसेई विद्यापीठात २००७च्या सुमाराला विकसित झालं आणि जगभरचे सर्जन ते शिकायला तिथे जाऊ लागले. हात तरबेज होते यात शंका नाही.

तरीही शस्त्रक्रिया ती शस्त्रक्रियाच. थायरॉइडच्या पाठीला तांदळाच्या दाण्याएवढ्या चार पॅराथायरॉइड ग्रंथी चिकटलेल्या असतात, रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या. त्या दुखावल्या तर बोटांना मुंग्या येतात, हात वळतात, गोळ्या मागे लागतात. शेजारूनच आवाजाची नस जाते. विम्याच्या दाव्यांवरून १५ हजारांहून जास्त रुग्णांचा हिशेब पाहिला तेव्हा ११ टक्के लोकांना पॅराथायरॉइडची कमतरता आणि २ टक्क्यांना स्वरतंतूंचा लकवा झालेला दिसला. ४० हजारांच्या वर्षाला हेच प्रमाण लावलं तर कॅल्शियमचा त्रास चार हजारांहून जास्त आणि बसलेले आवाज आठशेच्या आसपास. शेजारी वर्षाचे मृत्यू ठेवा, ३०० ते ४००. अख्खी ग्रंथी गेलेल्याला आयुष्यभर रोज सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि चहा अर्ध्या तासाने. गोळीचं कुणी काही वाटून घेत नाही, आपल्याकडे घरोघरी ती आहेच. पण कोरियातले हे लोक आदल्या दिवसापर्यंत धडधाकट होते.

लाट टिकवून धरणारी आणखी एक गोष्ट होती. ज्यांची ज्यांची गाठ काढली ते सगळे जगले. कोरियाच्या कॅन्सर नोंदणीत थायरॉइड कॅन्सरचा पाच वर्षांचा सापेक्ष जगण्याचा दर शंभर टक्क्यांच्याही वर गेला. म्हणजे हा कॅन्सर झालेली माणसं न झालेल्यांपेक्षा किंचित जास्त जगत होती! गाठ अंगाला मानवते असा काही याचा अर्थ नव्हे. हौसेने तपासण्या करून घेणारी माणसं मुळात खाऊनपिऊन सुखी, डॉक्टरकडे वेळेवर जाणारी असतात, आणि निरुपद्रवी गाठी हिशेबात धरल्या की कागदावर उपचार शंभर नंबरी दिसतात. पण गल्लीत मात्र कुणीतरी काकू गळ्याला हात लावून सांगत असते, ‘वेळेवर तपासलं म्हणून वाचले बाई.’ तिला चूक कसं म्हणायचं? तिचा कॅन्सर कधी उठला असता की नाही हे तिलाही कळणार नाही, सर्जनलाही नाही आणि मलाही नाही. अतिनिदान, म्हणजे कधीच त्रास न देणाऱ्या रोगाचं निदान, झालेला माणूस एकटा दाखवता येत नाही, तो फक्त बेरजेत दिसतो.

लोकांना अंदाज नव्हता असंही नाही. या कॅन्सरला कोरियात ‘कासव कॅन्सर’ आणि ‘भला कॅन्सर’ म्हणू लागले होते. विमा कंपन्यांना तर आधीच वास लागला होता. निदान झालं की ठोक रक्कम देणाऱ्या पॉलिस्यांतून थायरॉइडला वेगळं काढून त्यांनी त्याची भरपाई घटवली. डॉक्टरांच्या आधी हिशेबनिसांना कळावं, हे आमच्या धंद्याला शोभणारं नाही.

आठ डॉक्टरांचं पत्र

मार्च २०१४मध्ये आठ डॉक्टरांनी एक गट स्थापन करून जाहीर पत्र काढलं की निरोगी माणसांनी थायरॉइडची सोनोग्राफी करून घेऊ नये. मोठा गदारोळ झाला. थायरॉइडवर काम करणाऱ्या सर्जनांचा मुद्दा असा होता, की लहान गाठीही कधी मानेतल्या लसीका ग्रंथींत पसरतात. कुठली पसरेल हे आधी सांगता येत नसताना थांबायचं कुणाच्या भरवशावर? प्रश्न रास्त होता. नोव्हेंबरमध्ये कोरियातले हियोंग सिक आन आणि ह्यन जंग किम आणि अमेरिकेतल्या डार्टमथचे गिल्बर्ट वेल्च यांचा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. निदान पंधरापट आणि मृत्यू तिथेच, हे आकडे त्यातलेच. ज्या प्रांतांत तपासणी जास्त तिथे कॅन्सर जास्त, हेही त्यांनी दाखवलं. बातम्या झाल्या, लोक थबकले, आणि वर्षभरात शस्त्रक्रियांचं प्रमाण सुमारे एकतृतीयांशाने खाली आलं. लस, नवं औषध, कायदा यांतलं काहीही न येता एका कॅन्सरचे रोगी एवढे घटले. संसर्गाची साथ पत्राने ओसरत नाही.

२०१६ साली देशभरच्या नोंदींवर आधारलेला आणखी एक अभ्यास आला. १९९९ ते २००८ या काळात लाखामागे ६.४ वरून ४०.७ पर्यंत गेलेल्या या वाढीतला ९४ टक्के भाग दोन सेंटिमीटरहून लहान गाठींचा निघाला. मोठ्या, खरोखर त्रास देणाऱ्या गाठी फारशा वाढल्याही नव्हत्या आणि घटल्याही नव्हत्या. तपासणीने गाठी लहान असतानाच खुडल्या असतील तर मोठ्या कमी व्हायला हव्या होत्या. तशा झाल्या नाहीत, त्याचंही कारण आहे. थायरॉइडचा जो कॅन्सर खरा जिवावर उठतो, तो काही महिन्यांत गळा व्यापतो. वर्षातून एकदाच्या तपासणीला तो वाट पाहत थांबत नाही. जाळ्यात सापडतात ती मुख्यतः कासवं.

सर्जनांच्या त्या रास्त प्रश्नाचं उत्तर जपानमध्ये आधीच तयार होत होतं. कोबे शहरातल्या कुमा रुग्णालयाने १९९३पासून एक सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी असलेल्या रुग्णांना विचारायला सुरुवात केली होती, की शस्त्रक्रिया करायची की नुसती पाळत ठेवायची. २०१४मध्ये त्यांनी १,२३५ रुग्णांचे निकाल मांडले. दहा वर्षांत गाठ तीन मिलिमीटर किंवा जास्त वाढली ती सुमारे ८ टक्क्यांत, मानेतल्या ग्रंथींत पसरली ती चारेक टक्क्यांत, थायरॉइड कॅन्सरने मृत्यू एकही नाही. वाढली तेव्हा शस्त्रक्रिया केली आणि काही बिघडलं नाही. तरुणांत वाढ जास्त आणि साठीनंतर सगळ्यात कमी, हे विशेष. इतर कॅन्सरांच्या अनुभवावरून आपण नेमकं उलट धरून चालतो.

२०१७च्या मे महिन्यात अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने लक्षणं नसलेल्या प्रौढांत थायरॉइड कॅन्सरची तपासणी करू नये, चाचपूनही नाही आणि सोनोग्राफीनेही नाही, अशी ‘डी’ श्रेणीची शिफारस पुन्हा केली. ‘डी’ म्हणजे निव्वळ फायदा नाही किंवा फायद्यापेक्षा तोटा जास्त.

आपल्या पॅकेजात

भारतात हा आलेख तिरुवनंतपुरमच्या नोंदणीत दिसतो. तिथल्या बायकांमधलं थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण देशातल्या इतर बहुतेक नोंदण्यांच्या कितीतरी वर आहे. आपल्या बार्शीच्या ग्रामीण नोंदणीत हाच कॅन्सर अगदी थोडा. बार्शीच्या बायकांचे गळे काही वेगळ्या मातीचे नाहीत. केरळात दवाखाने, मशीनं आणि तपासणीची सवय जास्त आहे.

मराठीत तर आणखी एक गोंधळ आहे. ‘मला थायरॉइड आहे’ असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेकदा ग्रंथीचं काम मंदावलंय असं म्हणायचं असतं. ते कळतं रक्तातल्या टीएसएच या हार्मोनवरून. सोनोग्राफी ग्रंथीचा आकार आणि गाठी दाखवते, ग्रंथी काम कशी करते हे सांगत नाही. पण पुण्या-मुंबईच्या चेकअप पॅकेजात दोन्ही शेजारी शेजारी छापलेली असतात, आणि टीएसएच थोडं वर आलं की ‘सोनोग्राफीही करून टाका’ हे ओघाने येतं. मग चार मिलिमीटरची गाठ घेऊन बाई आमच्याकडे येतात, रात्रभर न झोपता. आपल्याकडच्या प्रत्येक सोनोग्राफी सेंटरच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटी असते. बघण्यानेच नुकसान होऊ शकतं, हे एका बाबतीत आपण कायद्याने मान्य केलेलं आहे. गळ्याच्या बाबतीत पाटीची गरज नाही, पण पॅकेजातली ती ओळ खोडायला काय हरकत आहे?

हे सगळं ज्यांना काही होत नाही त्यांच्यापुरतं. गळ्याला गाठ हाताला लागते, आवाज आठवडेच्या आठवडे बसलाय, गिळताना अडकतं, लहानपणी मानेला किरणोपचार झालेत किंवा घरात थायरॉइड कॅन्सरचा इतिहास आहे, त्यांनी डॉक्टरला गळा दाखवावा आणि सांगितली तर सोनोग्राफी जरूर करावी. ती चाळणी तपासणी, म्हणजे लक्षणं नसताना सरसकट केलेली तपासणी, नव्हेच.

कोरियात पुढे काय झालं हा प्रश्न वर्गात हमखास येतो. लाट ओसरली, पण विरली नाही. २०१९पासून काही वर्षं थायरॉइड पुन्हा यादीत पहिल्या क्रमांकावर आला, आणि २०२१मध्ये निदानांचा आकडा पुन्हा ३५ हजारांवर गेला. चौकोन अजून अर्जावर आहे. फरक पडलाय तो पुढच्या वाटेत. २०१६पासून सोल आणि आसपासच्या काही मोठ्या रुग्णालयांनी मिळून बारीक गाठींच्या रुग्णांपुढे दोन्ही पर्याय ठेवायला सुरुवात केली आणि बऱ्याच जणांनी पाळतीचा घेतला. ते आधी दर सहा महिन्यांनी, मग वर्षातून एकदा येतात, त्याच पलंगावर मान मागे टाकून झोपतात, गार जेल लागतं, डॉक्टर ठिपक्याच्या दोन टोकांना फुल्या मारतो आणि मागच्या वेळचा आकडा शेजारी ठेवून पाहतो. बहुतेक वेळा तोच असतो.